डिस्क गोल्फची पहिली डिस्क निवडताना प्लास्टिककडे बघ

डिस्क गोल्फ म्हणजे चकती फेकून टोपलीत टाकायचा खेळ. ड्रायव्हरवरचे, म्हणजे लांब फेकायच्या डिस्कवरचे, उडण्याचे आकडे नंतर बघ, आधी प्लास्टिक हातात घे. इनोव्हा कंपनीची एव्हिअर, म्हणजे जवळून टोपलीत टाकायची डिस्क (पटर), डीएक्स या साध्या प्लास्टिकमध्ये घेतलीस तर कोरडी, किंचित खरखरीत लागते, बोटं लगेच बसतात. तीच चॅम्पियन प्लास्टिकमध्ये कडक आणि गुळगुळीत. झाडावर कितीही आदळली तरी टिकते, पण दवाने ओली झाली की निसटते. स्टार या दोन्हींच्या मधलं. थंडीत सगळंच प्लास्टिक कडक होतं, तेव्हा जीस्टार हे मऊ प्लास्टिक बरं वाटतं.

दुकानात दोन्ही अंगठ्यांनी मधला भाग दाबून बघ, मग तर्जनी कडेच्या आतून फिरव. तिथे साच्याची बारीक धार राहिलेली असली तर दर फेकीला बोटाला टोचते. एकाच नावाच्या प्लास्टिकमध्येही लॉटनुसार, कधी रंगानुसार फरक पडतो, म्हणून जमलं तर दोन-तीन चाचपून बघ.

पटर मात्र साध्या प्लास्टिकचाच घे, यावर मी ठाम आहे. डीएक्स लवकर झिजतं, खरं आहे. पण उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून बाहेर नेत) फेकणाऱ्याची झिजलेली डिस्क शेवटी डावीकडे कमी ओढते, आणि नवशिक्याला त्याचा फायदाच होतो. पिशवीत एक कोरडा टॉवेल ठेव, दर फेकीआधी डिस्क पूस.