यकृताचं ऑपरेशन : उरलेला भाग किती कामाचा?

वडील ६२ वर्षांचे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात गेलाय. सहा केमो झाल्या, आता उजवा भाग काढायचा म्हणतात. एवढं काढल्यावर माणूस जगतो का? (कागल)

जगतो. यकृत पुन्हा वाढतं. फक्त मागं राहणारा भाग पुरेसा आणि धडधाकट हवा. निरोगी यकृताचा २० ते २५ टक्के भाग उरला तरी चालतो. बऱ्याच केमोनंतर ३० टक्के लागतो, सिरोसिस (यकृत कडक होऊन आकसणं) असेल तर ४० टक्के. सीटी स्कॅनवरून हे मोजता येतं, तेव्हा सर्जनना आकडा जरूर विचारा. कमी भरला तर उजव्या बाजूची पोर्टल शीर (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी) आधी बंद करतात आणि चार-सहा आठवड्यांत डावी बाजू वाढते. शेवटच्या केमोनंतरही साधारण महिनाभर थांबावं लागतं. "तोवर गाठ वाढली तर?" ही भीती मी रोज ऐकतो आणि ती मला समजते. पण थकलेल्या यकृतावर घाई केली, तर ऑपरेशननंतर तेच निकामी होण्याचा धोका वाढतो.

दारूला कधी शिवलो नाही. तरी फॅटी लिव्हर आणि शुगर आहे. धोका वाढतो का? (इचलकरंजी)

वाढतो. चरबीच्या यकृतातून रक्त जास्त जातं, जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. हातात काही आठवडे असतील तर आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली वजन आणि शुगर आटोक्यात आणा. पण यकृताचं दुखणं म्हटलं की आपल्याकडे अंडी, दूध, मटण सगळं बंद करून माणसाला पेजेवर ठेवतात. कृपा करून तसं करू नका. रश्श्यावरचा कट सोडा, प्रथिनं सोडू नका. दंड-मांड्या वाळलेला पेशंट ऑपरेशननंतर लवकर उभा राहत नाही.

आई अजून वॉर्डातच आहे. चौथ्या दिवशी नळीतून हिरवट-पिवळं पाणी येतंय. (गडहिंग्लज)

ते पित्त असावं. नळीतल्या पाण्यातलं बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) रक्तातल्यापेक्षा तिप्पट निघालं तर पित्तगळती नक्की. नळीवाटे बाहेर पडतंय तोवर बहुतेक वेळा ती आपोआप थांबते, कधी दुर्बिणीतून पित्तनळीत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालावा लागतो. थंडी वाजून ताप आला किंवा नळी अचानक कोरडी पडून पोट फुगलं, तर सिस्टरना लगेच हाक मारा. डोळे पिवळे दिसले, आई दिवसा गुंगीत आणि रात्री टक्क जागी असली, तरीही.

बिडी कधी सोडू? (कोल्हापूर)

आजच. ऑपरेशनआधी निदान चार आठवडे मिळाले पाहिजेत. तीन चेंडूंचं श्वासाचं खेळणं (स्पायरोमीटर) मेडिकलमधून आणा आणि घरीच सराव सुरू करा. पोटावर टाके पडल्यावर पहिला चेंडू उचलतानासुद्धा कळ येते.