डेबियनकडे गाऱ्हाणं नेताना

डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स प्रणाली. तिच्यातल्या बिघाडाने आलेला तुझा वैताग कळतो रे, पण थेट तिच्या प्रोजेक्ट लीडरला मेल टाकू नकोस. डेव्हलपर मंडळी लीडर दरवर्षी मतदानाने निवडतात खरं, पण तो काही साहेब नव्हे. 'अमुक दुरुस्त कर' असा हुकूम तो सोडू शकत नाही. कुणावरही कामाची सक्ती नाही, हे डेबियनच्या घटनेतच लिहिलंय. बिघाड ज्या पॅकेजमध्ये (म्हणजे डेबियनमधल्या ज्या प्रोग्रॅममध्ये) आहे, ते सांभाळणारा जो मेंटेनर असेल, दार त्याचंच ठोठावायचं.

सुरुवातीला एवढं सांभाळ:

- 'रिपोर्टबग' हा तक्रार नोंदवायचा प्रोग्रॅम वापर. आवृत्ती वगैरे माहिती तोच भरतो, आणि तीच तक्रार आधी कुणी केलीय का तेही दाखवतो.
- एका रिपोर्टात एकच तक्रार. माझा पहिला रिपोर्ट होता, 'मराठी नीट दिसत नाही'. उत्तर आलं, 'म्हणजे नक्की काय?' मग 'दऱ्या' टाईप करून स्क्रीनशॉट जोडला, र कुठे तुटतोय ते दाखवलं. तेव्हा कुठे गाडी हलली.
- रिपोर्टात तक्रारीची गंभीरता निवडताना ती फुगवू नकोस. 'क्रिटिकल' म्हणजे अख्खी सिस्टीम कोलमडणं, डेटा उडणं असलं काही. नवी सोय हवी असेल तर 'विशलिस्ट'.

रिपोर्ट जगजाहीर असतो. पासवर्ड असलेला लॉग (प्रोग्रॅमने आपोआप केलेली नोंद) चिकटवू नकोस. (हसू नकोस, होतं असं.)

डेबियनच्या १९९७च्या सामाजिक करारात, म्हणजे जाहीर वचननाम्यात, वापरकर्त्यांना प्राधान्य दिलंय. ते कलम मेंटेनरच्या तोंडावर फेकायचा मोह आवर. महिनाभर उत्तर नाही आलं तर नव्या आवृत्तीत तपासून त्याच रिपोर्टवर एक ओळ टाक. तांत्रिक वाद सोडवणाऱ्या टेक्निकल कमिटीचं नंतर बघू.