कोळशाच्या रिपोर्टवरून सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) हिशोब काढताना

अरे तळोज्यात बॉयलरवर नवीन लागलास ना, मग आधी एक सांगतो, लॅबच्या रिपोर्टमधला फिक्स्ड कार्बन (व्होलटाइल, म्हणजे तापवल्यावर वायू होऊन उडणारा भाग, गेल्यावर उरणारा कार्बन) उचलून त्याला ३.६७ ने गुणू नकोस. सगळे नवीन लोक हेच करतात. व्होलटाइलमध्येपण कार्बन असतो, तो पण जळतोच की, त्यामुळे कोळशातल्या मूलद्रव्यांची तपासणी, म्हणजे अल्टिमेट अ‍ॅनालिसिस मागव आणि त्यातला टोटल कार्बन घे. ३.६७ म्हणजे ४४ भागिले १२, सीओटूचं रेणूभार भागिले कार्बनचा अणुभार, बस. टोटल कार्बन ४० टक्के असेल तर टनाला साधारण १.४७ टन सीओटू, ६० टक्के असेल तर २.२.

आता यावरून आपला राखवाला देशी कोळसा चांगला असं म्हणू नकोस हां, टनाला कमी दिसतो कारण त्यात राखच ३५-४५ टक्के, पण तेवढीच स्टीम काढायला टनच जास्त लागतात. म्हणून हिशोब उष्णतेवर कर. आयपीसीसी (हवामान बदलावरची युनोची समिती) हिच्या डिफॉल्टमध्ये बिटुमिनस (नेहमीचा दगडी कोळसा) ९४.६ किलो सीओटू प्रति गिगाज्यूल आणि लिग्नाइट (ओलसर तपकिरी कोळसा) १०१, आणि हे आकडे नेट उष्णतेवरचे, म्हणजे पाणी उडवायला जाणारी उष्णता त्यात आधीच वजा केलेली.

आणि बेसिस बघ! एडीबी (हवेत वाळवलेल्या नमुन्यावरचा आकडा) आणि एआरबी (माल आला तशा ओल्या नमुन्यावरचा) मिसळलंस की संपलं, आपल्याकडे जुलैत उघड्या यार्डातला माल इतका भिजतो की एडीबीचा जीसीव्ही (कोळशाचं एकूण उष्णतामूल्य) नुसता कागदावरच शोभतो. बॉयलरच्या तळाच्या राखेत, म्हणजे बॉटम अ‍ॅशमध्ये काळे दाणे दिसले तर तो न जळलेला कार्बन, तेवढा वजा कर, पण खूश होऊ नकोस, पैसे गेलेच.