घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये शिकारी गोगलगाय ठेवावी का? सोलापुरात जमेल का?

ठेवता येते, पण एकटीच. टँकमध्ये टर्बो (शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी), शिंपले असतील तर विचारही करू नका.

आमच्या दाजींचा जुळे सोलापुरात टँक आहे. पुण्याहून त्यांनी लांबट शंखाची एक देखणी गोगलगाय आणली. दुकानदाराने 'काच साफ ठेवते' म्हणून गळ्यात मारली होती. मी बघताच म्हटलं, दाजी, हिच्या शंखाला पुढे पन्हळ आहे, त्यातून नळी बाहेर काढून ही भक्ष्याचा वास काढते. शेवाळ खाणाऱ्या टर्बोच्या शंखाचं तोंड गोल असतं, त्याला असलं काही लागत नाही. दाजी म्हणाले, "तू वाचलेलं सांगतोस, मी पाळलेलं." मग टर्बो एकेक करून रिकामे व्हायला लागले, आणि आळ आला भाच्याच्या खेकड्यावर. बिचाऱ्याची बादलीत रवानगी! अहो, खेकडा शंख कडेने फोडत जातो. हे शंख अख्खे, कड शाबूत, आतून धुतल्यासारखे. रात्री टॉर्च मारली तर बाईसाहेब टर्बोला पायात धरून, सोंड आत घालून बसलेल्या. त्यावर दाजी म्हणतात, "खेळत असतील." ताई शेजारी उभी होती ना!

सोलापुरात खरी अडचण उन्हाळ्याची. पारा 42-43 वर गेला की चिलरशिवाय (पाणी थंड ठेवणारं यंत्र) हा नाद नको. पाणी आटतं, मीठ आटत नाही, म्हणून भर आरओच्या गोड पाण्याचीच घालायची, खारं पाणी ओतायचं नाही (हेही दाजींना सांगून झालंय). घनता 1.025 च्या आसपास ठेवा. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा आरओचा साठा हवाच. खायला कोळंबीचा तुकडा चिमट्याने द्या, उरलेला लगेच काढा, नाहीतर अमोनिया वाढतो. माशांचं तांब्याचं औषध त्या पाण्यात नको, गोगलगाय मरते.

कोकणातून जिवंत शंख उचलून मात्र आणू नका. कोनस (शंकूसारख्या शंखाची शिकारी गोगलगाय) निघाली तर ती बाणासारखा विषारी दात मारते. तिच्या काही जातींच्या दंशाने माणसं मेलीत आणि विषावर उतारा नाही.

आणि हो, शंखाला पन्हळ नाही म्हणजे शाकाहारी असंही नाही. मून स्नेल या समुद्री गोगलगायीच्या शंखाला पन्हळ नसते, तरी ती शिंपल्याला भोक पाडून खाते. दाजी हे वाचून उड्या मारतील, म्हणून सांगतो, त्यांची मून स्नेल नव्हती.