४२९४९६७२९७ ला कशाने भाग जातो?

प्रश्न: सर, ४२९४९६७२९७ ही संख्या मूळ आहे का? १०० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं, कशानेच भाग जात नाही. कागद-पेन घेऊन कुठवर जायचं?

उत्तर: नुसतं भागत गेलात तर वर्गमूळापर्यंत जावं लागेल, म्हणजे ६५५३६ पर्यंत, आणि तिथवर ६५४२ मूळ संख्या आहेत. पण तुमची संख्या म्हणजे २^३२ + १ (२ चा ३२ वा घात, अधिक १) आहे, आणि एवढं दिसलं ना की काम इतकं कमी होतं की मला अजूनही त्याचं कौतुक वाटतं.

२ च्या १, २, ४, ८, १६ या घातांत १ मिळवला की येतात ३, ५, १७, २५७, ६५५३७, या सगळ्या मूळ संख्या, आणि त्याच साच्यातली पुढची ही. १६४० च्या सुमाराला फ्रेंच गणिती फर्माचं मत होतं की या साच्यातल्या सगळ्याच मूळ असणार. १७३२ मध्ये गणिती ऑयलरने दाखवलं की हिला ६४१ ने भाग जातो.

आता बघा, समजा p या मूळ संख्येने हिला भाग जातो. मग p ने भागल्यावर २^३२ ची बाकी -१ (म्हणजे p-१) येते, वर्ग केला की २^६४ ची १, आणि ६४ च्या आधी कुठल्याच घाताला १ येत नाही, कारण बाकी १ देणारा सगळ्यात लहान घातांक तशा प्रत्येक घातांकाला भागतो, म्हणून आधी आला असता तर तो घातांक ६४ चा लहान विभाजक असता, म्हणजे ३२ चाही विभाजक, आणि मग २^३२ ची बाकी पण १ च आली असती. आता फर्माचंच छोटं प्रमेय लावा, २^(p-१) ची बाकी १. म्हणजे त्याच नियमाने p-१ ला ६४ ने भाग जायलाच हवा! स्वतःचा अंदाज तपासायचं हत्यार फर्माकडेच होतं.

म्हणजे फक्त ६४k + १ अशा मूळ संख्या बघायच्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. त्यातली २५७ सोडा, कारण २^३२ - १ ला तिने भाग जातो, मग २^३२ + १ ला कसा जाईल. तीन भागाकार फुकट जातात आणि चौथा जमतो.

तोही न करता पटवायचं असेल तर हे बघा, ६४१ = ५×२^७ + १, म्हणून ५×२^७ ची बाकी -१, चौथा घात केला की ५^४×२^२८ ची १. पण ६४१ = ५^४ + २^४ पण आहे, म्हणून ५^४ च्या जागी -२^४ टाका, -२^३२ ची बाकी १ आली, झालं.

प्रश्न: मग उरलेला अवयव?

उत्तर: ६७००४१७, आणि तो मूळ आहे. त्याचं वर्गमूळ २५८९ च्या आत आहे, म्हणजे ६४k + १ साच्यातल्या जेमतेम ४० संख्या, त्यातल्याही बऱ्याच मूळ नाहीतच, एका बैठकीत होतं. पुढची संख्या २^६४ + १ मात्र अशी पटकन हाती येत नाही, तिचा सगळ्यात लहान अवयव २७४१७७ आहे, तो १८८० मध्ये फ्रेंच गणिती लँड्रीने प्रसिद्ध केला.