'क्लोज द फॅन' : पाठ केलेले इंग्रजी शब्द का उडून जातात

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी दुसरीत, मराठी माध्यमात. रोज पाच इंग्रजी शब्द स्पेलिंग आणि अर्थासकट दहा-दहा वेळा लिहून घेता, आणि शुक्रवारी विचारलं तर सोमवारचे शब्द गायब. आता एखादं ॲप किंवा शब्दांचं पुस्तक सुचवा म्हणताय. ॲपचं पुढे बोलते. आधी त्या वहीबद्दल, कारण तसल्या वह्या मीही वर्षानुवर्षं पोरांकडून भरून घेतल्या आहेत.

मी १९९७ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. बहुतेक काळ पहिली ते तिसरीच्या वर्गावर गेला. जून २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. तोवर पाचवीपासून होतं. आमचंच इंग्रजी पाचवीपासूनचं, त्यामुळे आम्हाला जे शिकवलं गेलं तेच आम्ही पहिलीच्या पोरांवर चालवलं: 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर', सगळ्या वर्गाने एका सुरात. महिन्याभराने मांजराचं चित्र दाखवून 'व्हॉट इज धिस?' विचारलं, तर एका पोरीने एका दमात सांगितलं, 'सीएटीकॅटकॅटम्हणजेमांजर'. तिच्या दृष्टीने हा अख्खा एकच शब्द होता.

पण माझे डोळे उघडले ते पंख्यामुळे. उन्हाळ्यातली सकाळची शाळा, अकरा वाजत आलेले, वर पत्रा तापलेला. तिसरीतला एक मुलगा घामाघूम होऊन उभा राहिला आणि म्हणाला, 'बाई, क्लोज द फॅन.' मी म्हटलं, अरे बंदच आहे की. तो पुन्हा म्हणाला, जरा जोरात, 'क्लोज द फॅन!' आणि बटणाकडे बोट दाखवलं. मला काही उमजेना. शेवटी त्याची वही उघडली. परवाच मी फळ्यावर लिहून दिलं होतं : क्लोज - लावणे. दार लाव, क्लोज द डोअर. पोराने बरोबर अर्थ लावला होता. पंखा लाव, क्लोज द फॅन.

त्या दिवशी घरी जाऊन मी 'लाव' लिहून काढलं. दार लाव, दिवा लाव, तेल लाव, रोप लाव, गजर लाव, टिकली लाव. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळं क्रियापद. मग 'काढ' घेतलं : चित्र काढ, वही काढ, शर्ट काढ, फोटो काढ, दूध काढ, झोप काढ. नामांचंही तेच. 'पान' झाडाचं असतं आणि पुस्तकाचंही. 'पाय' म्हटलं की कंबरेपासून अंगठ्यापर्यंत सगळं आलं, इंग्रजीत घोट्याखाली शब्द बदलतो. आणि उलट बाजूने मामी, काकू, मावशी, आत्या अशा चौघीजणी एका 'आंट'मध्ये कोंबायच्या. एका शब्दासमोर एक अर्थ लिहिला की पोराला वाटतं दोन्ही भाषा अशा समोरासमोर जोडीने बसल्यात. तशा त्या बसलेल्या नसतात. म्हणून आता मी सुटा अर्थ लिहून देत नाही. देते ते अख्खं वाक्य किंवा निदान शब्दांची जोडी : 'ओपन द डोअर', 'ओपन युवर बुक', 'ओपन युवर माउथ'. अर्थ मराठीत सांगायला मात्र बिलकूल कचरत नाही. वर्गात मराठी बंद, फक्त इंग्रजी, असा दंडक काही शाळांत असतो. पोर गप्प बसतं, त्यापलीकडे त्यातून काही निघत नाही.

तुमच्या वहीतले शब्दही एकदा मोजा. माझी पैज आहे, दहातली नऊ नामं निघतील. फळं, भाज्या, प्राणी, रंग. दुकानातले तक्ते तसेच असतात ना. 'एक्स फॉर झायलोफोन' मी किती वर्षं म्हणवून घेतलं, अजून झायलोफोन पाहिलेला नाही. आमच्या शाळेमागे पेरू आणि सीताफळाची झाडं, आणि तक्त्यावर चेरी. बरं, नामं हवीतच, पण नुसत्या नामांनी वाक्य होत नाही. ऐंशी फळं-प्राणी येणाऱ्या मुलीला 'मला पाणी हवंय' एवढं सांगता येत नाही. एडवर्ड डॉल्च नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९३६ साली मुलांच्या वाचनात सतत येणाऱ्या २२० शब्दांची यादी केली. तिच्यात एकही नाम नाही. गो, कम, गिव्ह, बिग, अंडर, हिअर असलेच शब्द. नामं त्याने वेगळी काढली, ९५. आता ही यादी नेटवर सगळीकडे फिरते आणि आपल्याकडचे पालक तीही पाठ करून घेतात. ते करू नका. ती यादी वाचायला शिकणाऱ्या अमेरिकन मुलांसाठी होती. त्यांच्या कानात ते शब्द आधीपासून होते, फक्त डोळ्यांनी ओळखायचे बाकी होते. आपल्या पोरीच्या कानातच शब्द नाही, तर डोळ्याने काय ओळखणार?

म्हणून आधी कान. मी वर्गात सगळ्यात जास्त भरवसा ठेवला तो हुकमांच्या खेळावर. जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात ही पद्धत मांडली. शिक्षकाने आज्ञा करायची, स्वतः करून दाखवायची, मुलांनी फक्त कृती करायची, बोलायचं नाही. स्टँड अप, जंप, टच युवर नोज, पुट द चॉक अंडर द टेबल. आमच्याकडे त्याचं 'आज्जी सेज' झालं. 'आज्जी सेज, टच युवर नीज' म्हटलं तर करायचं, नुसतं 'टच युवर नीज' म्हटलं तर हलायचं नाही, हलला तो बाद. हा खेळ घरी दोघींतही होतो. पहिले काही आठवडे ती काही बोलणार नाही, फक्त करेल. बोलू द्या तिला तिच्या सवडीने. पाहुण्यांसमोर 'अगं, म्हणून दाखव ना' तर मुळीच नको. मग एक दिवस ती म्हणेल आता मी आज्जी होते, आणि तुम्हाला उड्या मारायला लावेल. ते झालं की समजा शब्द तिचे झाले.

घरात आणखी एक सवय दिसते, तिच्याबद्दल स्पष्टच लिहिते. 'हँड वॉश करून घे', 'रेड कलरचा फ्रॉक घाल', 'डॉगी बघ कसा स्लीप करतोय'. इंग्रजी कानावर पडावं म्हणून आपण हे बोलतो. पण वाक्याचा सांगाडा मराठीच राहतो, इंग्रजी वाक्य काही कानावर पडत नाही, आणि तांबडा, जांभळा, निजणे, विसळणे हे मात्र हळूहळू घरातून जातात. त्यापेक्षा रोज एकाच जागी, एकाच वेळी एक पूर्ण वाक्य म्हणा. मोरीपाशी 'वॉश युवर हँड्स'. दप्तर भरताना 'व्हेअर इज युवर बॉटल?' दाराबाहेर पडताना 'पुट ऑन युवर शूज'. अशी सहा वाक्यं ठरवा आणि महिनाभर तीच ठेवा. उच्चार चुकेल म्हणून घाबरू नका, माझेही चुकतात. बाकी वेळ मराठी बोला, चांगलं भरपूर मराठी. ज्या मुलाला उथळ आणि खोल यांतला फरक विहिरीवर कळलाय त्याला 'डीप' शिकायला एक मिनिट लागतो. ज्याला तो मराठीतच माहीत नाही, त्याला काय सांगणार?

आता तुमच्या मुलीकडे आधीच किती शब्द आहेत ते बघा. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी अभ्यास दिला : घरात, शेतात, रस्त्यावर जे जे इंग्रजी कानावर पडेल ते आठवून या, लिहिता येत नसेल तर चित्र काढा. सुट्टीनंतर फळा पुरेना. ट्रॅक्टरवरून ट्रॉली, गिअर, ब्रेक, टायर आले. स्वयंपाकघरातून कुकर, मिक्सर, गॅस. क्रिकेटमधून बॉल, रन, आउट, विकेट. दवाखान्यातून डॉक्टर, नर्स, टेबलेट. दीडशेच्या आसपास शब्द झाले, तेही दुसरीच्या पोरांचे. 'आम्हाला इंग्रजी येत नाही' म्हणणारा वर्ग त्या दिवशी भलताच फुशारला. फक्त या शब्दांत काही घोटाळे असतात, ते उलगडून द्यावे लागतात. आपण 'लाईट गेली' म्हणतो तेव्हा वीज गेलेली असते. 'पिक्चर' म्हणजे आपल्याकडे सिनेमा, म्हणून पुस्तकात 'लुक ॲट द पिक्चर' आलं की पोर बावचळतं. 'कॉपी' शब्द ऐकला की परीक्षेतली चोरी आठवते. हे घोटाळे मुलांना सांगितले की खूप हसतात, आणि हसलेलं विसरत नाहीत.

विसरण्याचा इलाज दहा वेळा लिहिणं हा नाही. तिसऱ्यांदा लिहिताना हात चालतो, डोकं केव्हाच बाहेर खेळायला गेलेलं असतं. शब्द विसरायच्या बेताला आला की पुन्हा भेटायला हवा, आणि मुलाने तो स्वतःच्या डोक्यातून ओढून काढायला हवा. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७०च्या दशकात यासाठी कार्डांचे खण करायची युक्ती सांगितली. माझी गावठी आवृत्ती अशी : लग्नपत्रिका घरात पडून असतातच, त्यांची कोरी बाजू कापून पत्त्यांएवढी कार्डं करा. एका बाजूला चित्र, तेही मुलीने काढलेलं, दुसरीकडे इंग्रजी शब्द. क्रियापदाला काड्यांचा माणूस पुरतो. मिठाईचे तीन खोके घ्या. पहिल्यातली कार्डं रोज बघायची, दुसऱ्यातली दर रविवारी, तिसऱ्यातली महिन्यातून एकदा. चित्र बघून शब्द सांगितला तर कार्ड पुढच्या खोक्यात, अडलं तर परत पहिल्यात. पहिल्या खोक्यात दहाच्या वर कार्डं साठली की नवीन शब्द बंद. पाच रोज हे फार होतं, ताई. आठवड्याला आठ खूप झाले, त्यांत तीन-चार क्रियापदं आणि एखाददुसरा 'अंडर', 'बिग'सारखा शब्द असू द्या.

कार्डावर शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहू नका. डोळा सोपं असेल तेच वाचतो, इंग्रजी अक्षरांकडे ती बघणारच नाही.

स्पेलिंगचं थोडक्यात. आपल्या मुलांना 'क' म्हणजे क हे पक्कं ठाऊक असतं, नाव आणि आवाज एकच. म्हणून ती विचारतात, अक्षराचं नाव 'सी', मग कॅटमध्ये 'क' कुठून आला? प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर हेच की इंग्रजीत अक्षराचं नाव वेगळं, आवाज वेगळा. आधी आवाज सांगा, नाव मागून. कॅट, मॅट, रॅट, बॅट, हॅट असे एका घरातले शब्द एकत्र घ्या, पहिलं अक्षर बदलत न्या. बाराखडी आलेलं मूल यात पटकन रमतं. ज्या शब्दांचं स्पेलिंग आवाजावरून चालत नाही ते सध्या नुसते ओळखता आले तरी चालेल.

आता पुस्तक आणि ॲप. शब्दांचं पुस्तक घेऊ नका, गोष्ट घ्या. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, फुकट आहे, आणि पुष्कळ गोष्टी मराठीतही आहेत नि इंग्रजीतही. पहिल्या पातळीची गोष्ट निवडा, एका पानावर एखाद-दोन ओळी असतात. आज मराठीत वाचा, उद्या तीच इंग्रजीत, चित्रावर बोट ठेवून. मग आठवडाभर तीच. आपल्याला कंटाळा येतो, मुलांना येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ओळ वाचताना शेवटच्या शब्दाआधी थांबा, ती पुरा करेल. ॲपचा उपयोग उच्चार ऐकण्यापुरता. त्यात बरोबर चित्रावर बोट टेकवलं की चांदणी मिळते, पण चार चित्रांतून ओळखणं वेगळं आणि काहीच समोर नसताना शब्द आठवणं वेगळं.

शाळेत शुक्रवारी शब्दांची चाचणी असते असं तुम्ही लिहिलंय. ती काही तुमच्या हातात नाही, तेव्हा गुरुवारी संध्याकाळी दहा मिनिटं बसून चाचणीच्या शब्दांची घोकंपट्टी करून टाका, दोन-दोनदा लिहिलं तरी पुरे. त्या दिवशी कार्डांचे खोके काढू नका. आणि वहीत 'काढणे', 'लावणे', 'घालणे' यांच्यासमोर कोणते इंग्रजी शब्द लिहिलेत ते एकदा बघून मला इथेच कळवा.