४० कर्मचाऱ्यांचं हॉस्पिटल आहे, दारव्ह्याजवळ. गावातल्या दहावी-बारावी झालेल्या मुलींना अप्रेंटिस म्हणून घेता येईल का?

घेता येईल नाही, घ्यावेच लागतील. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असतील (कंत्राटीही धरून) तर त्यांच्या २.५ ते १५ टक्के, म्हणजे तुमच्याकडे किमान १, कमाल ६. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलात ही नोंदणी बघतो. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नाव टाका, 'जनरल ड्युटी असिस्टंट' (पेशंटची देखभाल करणारा मदतनीस) निवडा, करार करा. केंद्र सरकार किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, थेट मुलीच्या खात्यात टाकतं. खातं आधारला जोडलेलं आहे ना, ते आधी बघा, घोडं तिथंच अडतं. बाकी रक्कम तुमची. कामाचा तक्ता मात्र नीट लिहा: पेशंटची कूस बदलणं, बीपी मोजून लिहिणं, फवारणीच्या दिवसांत विषबाधेचा पेशंट आला की त्याचे कपडे हातमोजे घालून काढणं. नुसतं झाडूपोछा करून घेणार असाल तर ही भानगड करूच नका. एवढं केल्यानं मुलगी नर्स होत नाही, हे तिच्या आईबापाला पहिल्याच दिवशी सांगा. त्यासाठी एएनएम, जीएनएम असा नर्सिंगचा कोर्स करून नर्सिंग कौन्सिलची नोंदणीच लागते. सलाईन लावायला तिला उभं करू नका.